आमिषाचे वजन

तक्रार हातात पडली तेव्हा निरीक्षकाला प्रथम आनंद झाला. शहरातील वन्यप्राण्यांना खायला घालण्यास आणि परस्पर पिंजरे लावून त्यांना पकडण्यास बंदी करणारी नियमावली लागू होऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत आलेल्या तक्रारी कुणी पाकिटाच्या पाठीवर, तर कुणी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिल्या होत्या. ही तक्रार मात्र टंकलिखित होती, तीन प्रतींत होती, डावीकडे समास सोडलेला होता आणि कलमांचे उल्लेख अचूक होते. ती नियमावली निरीक्षकाने स्वतः चार महिने खपून लिहिली होती. आपले लेखन कुणीतरी मन लावून वाचले आहे, हे कळल्यावर कोणत्याही लेखकाला व्हावा तसा त्याला आनंद झाला.

इमारतीच्या माळ्यावर एक उदमांजर राहते, असे तक्रारीत म्हटले होते. मांजराएवढ्या अंगाचे आणि अंगाएवढ्याच शेपटीचे हे जनावर सायंकाळी मागच्या अंगणात उतरते. त्याच सुमारास तळमजल्यावरून ‘अजून थोडं घे’, ‘लाजू नकोस’ असे आग्रहाचे उद्गार ऐकू येतात. सबब, तळमजल्यावर वन्यप्राण्यास अन्न दिले जात असावे, असा वाजवी संशय आहे.

‘वाजवी संशय’ हा शब्दप्रयोग निरीक्षकाला फार आवडला. मग त्याने पत्ता वाचला. पत्ता त्याच्याच इमारतीचा होता. तळमजल्यावर तो आणि त्याची आई अशी दोनच माणसे राहत, आणि सायंकाळी तो कार्यालयात असे.

तक्रारदार दुसऱ्या मजल्यावरचे काटेकाका होते. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते, म्हणून इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. माणूस सरळ होता, पण इतका सरळ, की त्याच्याशी बोलताना समोरच्यानेही जरा ताठ बसावे.

एरवी निरीक्षकाने ही तक्रार दुसऱ्या निरीक्षकाकडे सोपवली असती, पण कार्यालयात दुसरा निरीक्षकच नव्हता. शिवाय तो स्वतः सहा वर्षे हंगामी नोकरीत होता. येत्या गुरुवारी त्याला कायम करायचे की निरोपाचे पत्र द्यायचे, हे एक समिती ठरवणार होती. नव्या नियमावलीखाली निदान एक तक्रार निकाली काढून दाखवावी, एवढीच समितीची अट होती. आलेल्या अकरा तक्रारींपैकी नऊ वाचता येत नव्हत्या आणि दहावी वन्यप्राण्याविषयी नसून जावयाविषयी होती. उरली ही अकरावी. आणि नियमावलीच्या चौदाव्या कलमात असे होते, की ज्या कर्मचाऱ्याच्या घरातून उल्लंघन होईल तो कायम नेमणुकीस अपात्र ठरेल. हे कलम कुणी सुचवले नव्हते. मसुदा संपता संपता निरीक्षकाला नैतिकतेची एक उबळ आली होती, तेव्हा त्यानेच ते घातले होते.

रात्री घरी आल्याबरोबर त्याने विचारले, “आई, तू त्या उदमांजराला खायला घालतेस?”

“मी कशाला घालू?” आई म्हणाली. “मी ठेवते. खायचं की नाही ते त्याचं ते बघतं.”

“ठेवणं म्हणजेच घालणं. कलम दोनमध्ये व्याख्या आहे.”

“व्याख्या कोणी केली?”

“मीच.”

“मग बदल की. हातातलं काम आहे तुझ्या.”

निरीक्षकाने तिला चौदावे कलम वाचून दाखवले. ते ऐकून ती गंभीर झाली. दर मार्च महिन्यात नेमणुकीची मुदत संपत आली की मुलगा कसा वाळतो, हे तिने सहा वर्षे पाहिले होते. “बरं बाबा,” ती म्हणाली, “अंगणात काही ठेवणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ.” तिने इतक्या पटकन ऐकावे, यातच त्याला काही खटकायला हवे होते. पण सुटलेला माणूस पुन्हा मागे वळून फाटकाची कडी तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने भांडारातून पिंजरा आणला आणि रीतसर स्वतःच्या नावे परवाना करून तो अंगणात कुंपणाच्या भिंतीशी लावला. लोखंडी जाळीची लांबट पेटी होती ती. आत एक फळी होती. तिच्यावर भार पडला की दार वरून खाली येई आणि त्याची खिटी आपोआप बसे. प्राण्याला इजा होऊ नये म्हणून दाराच्या कडेला रबराची जाड पट्टी होती. वर टांगलेली पाटी निरीक्षकाच्या सुवाच्य अक्षरात होती : ‘परवानाधारकाखेरीज कोणीही या पिंजऱ्याचे दार उघडू नये.’

राहता राहिला आमिषाचा प्रश्न. पिंजऱ्यात खाणे ठेवल्याशिवाय प्राणी आत येणार नाही, आणि खाणे ठेवले की ते अन्नदान होणार, ही अडचण मसुदा लिहिताना त्याच्या लक्षात आली होती. तिने त्याची दोन रात्रींची झोप घेतली होती. अखेर त्याने मधला मार्ग काढला : तीस ग्रॅमपर्यंत आमिष, त्यापुढे अन्न. त्याप्रमाणे त्याने केळ्याचा एक तुकडा मोजून कापला आणि फळीवर ठेवला.

आई दारात उभी राहून पाहत होती. “हे कुणाला बोलवायला ठेवलंयस की हाकलायला?”

“तीस ग्रॅम आहे.”

“दिसतंय. आपल्याकडे कुणी आलं आणि मी असं वाढलं, तर परत येईल का ते?”

“परत येऊच नये, आई. त्यासाठीच चाललंय हे. सापडलं की त्याच दिवशी टेकडीवरच्या झाडीत सोडायचं.”

आई आत जाऊन घरातली केळी मोजू लागली.

त्यानंतर रोज सकाळी निरीक्षकाला पिंजरा उघडा दिसे आणि आमिष नाहीसे झालेले असे. त्याने फळी दाबून पाहिली, तर दार धाडकन पडे. त्याने बिजागऱ्यांना तेल घातले. पुन्हा तीस ग्रॅम केळे ठेवले. पुन्हा केळे गेले, दार तसेच. बुधवारी त्याने उदमांजराच्या वजनाविषयी, चालीविषयी आणि बुद्धीविषयी दोन पानी टिपण लिहिले. त्यातला बुद्धीविषयीचा भाग जरा अतिशयोक्त होता, कारण प्रत्यक्षात एवढेच घडत होते, की तो कार्यालयात असताना, सायंकाळी, आई दाराखाली एक लाकडी चमचा उभा करून ठेवत असे, म्हणजे दार पडू नये. तीस ग्रॅमच्या जोडीला ती तीन अख्खी केळीही ठेवी. तो रात्री पिंजरा न पाहताच झोपे, आणि पहाटे उठून ती दार पुन्हा वर अडकवून चमचा काढून घेई. तिने शपथ मोडली नव्हती. अंगणात ती काहीच ठेवत नव्हती. पिंजऱ्यात ठेवत होती, आणि पिंजऱ्यात खाणे ठेवण्याची सोय सरकारनेच केली होती.

हे सगळे दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून काटेकाका पाहत होते. अंतरामुळे आणि चष्म्यामुळे त्यांना ठेवणाऱ्याचे फक्त डोके आणि एक शाल दिसे, पण पिंजऱ्यातला पिवळा ढीग तीस ग्रॅमचा नाही, हे त्यांना दोन मजल्यांवरूनही कळत होते. त्यात त्यांची हयात गेली होती.

गुरुवार उजाडला. निरीक्षक इस्त्रीचा सदरा घालून, आईच्या पाया पडून नऊला निघाला. आज आईने मनाशी ठरवले होते, की मुलाचा महत्त्वाचा दिवस आहे तर निदान आज तरी उदमांजराने संध्याकाळपर्यंत उपाशी राहू नये. तिने केळी सकाळीच ठेवली, चमचा उभा केला आणि ती स्वयंपाकघरात वळली.

दहा वाजता काटेकाका खाली उतरले. सातव्या कलमाप्रमाणे तक्रारदाराला पिंजऱ्याची पाहणी करता येत होती. डाव्या हातात त्यांचा जुना हूक असलेला वजनकाटा होता. त्यांनी प्रथम पाटी वाचली आणि पसंतीची मान हलवली. मग त्यांची नजर चमच्यावर गेली. पिंजऱ्याच्या मंजूर रचनेत चमचा नव्हता. त्यांनी तो काढून शिस्तीत भिंतीवर ठेवला, आणि वजन करण्यासाठी केळी घ्यायला उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

दाराचा आवाज ऐकून आई धावत बाहेर आली.

“अगं बाई. काटेभावजी, तुम्ही?”

“नमस्कार,” काटेकाका जमिनीवर उकिडवे बसून म्हणाले. “आपल्या पिंजऱ्याचं दार व्यवस्थित चालतं.”

“थांबा, खिटी वर ओढली की झालं.”

“हात लावू नका.” त्यांचा आवाज एकदम अधिकाऱ्याचा झाला. “पाटी वाचा. परवानाधारकाखेरीज कोणीही नाही.”

“अहो, ती जनावरासाठी आहे.”

“जनावराला वाचता येत नाही. पाटी माणसांसाठीच असते. तुमचे चिरंजीव येईपर्यंत मी थांबतो.”

“त्याची मुलाखत आहे आज. दुपार होईल त्याला.”

“थांबतो,” काटेकाका म्हणाले. “मला कुठे जायचंय.”

दुखत आहे का, असे तिने विचारले. रबर उत्तम दर्जाचे आहे, असे उत्तर आले. तिने आतून स्टूल आणले, पाठीला उशी आणली. मुलाला फोन करायचा नाही म्हणून दीड तास दम धरला. शेवटी साडेअकराला तिला राहवेना.

निरीक्षक समितीच्या दाराबाहेर बाकावर बसला होता. पुढचा नंबर त्याचाच होता.

“अरे, तुझ्या पिंजऱ्यात वरचे काटे अडकलेत,” आई हळू आवाजात म्हणाली.

“काटेकाका? अडकलेत म्हणजे काय?”

“हाताने अडकलेत. बाकीचे बाहेर आहेत.”

“मग खिटी ओढ ना.”

“ओढू देत नाहीत. घे, तूच बोल.”

तिने फोन काकांच्या कानाला लावला. “काका,” निरीक्षक घाम पुसत म्हणाला, “मी परवानाधारक म्हणून सांगतो, आई दार उघडेल.”

“तोंडी?” काका म्हणाले. “नवव्या कलमात लेखी म्हटलंय, तेही जागेवर. चांगलं कलम आहे. कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, पण माणूस विचारी असावा.”

निरीक्षकाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्याला आत बोलावणे आले.

खोलीत उपायुक्त मॅडम होत्या, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन सदस्य. मॅडम कडक होत्या, पण कान देऊन ऐकत. निरीक्षक खुर्चीवर बसलाच नाही.

“मॅडम, क्षमा करा. मला ताबडतोब जावं लागेल. माझ्या पिंजऱ्याचं दार पडलं आहे.”

तिन्ही माना वर झाल्या. तीन महिन्यांत शहरातल्या एकाही पिंजऱ्याचे दार पडले नव्हते.

“काय सापडलंय?” मॅडमनी पुढे वाकून विचारले.

निरीक्षक आयुष्यात कधी खोटे बोलला नव्हता आणि आता सुरुवात करायला फार उशीर झाला होता. “नोंद व्हायची आहे,” तो म्हणाला.

मॅडम उठल्या. “चला. मुलाखत जागेवरच घेऊ. कागद वाचून कंटाळा आलाय, एकदा काम तरी बघू.”

गाडीत निरीक्षक पुढे बसला होता. मागून पहिल्या सदस्यांनी चौकशी केली, “पूर्ण वाढ झालेलं आहे का?”

“हो, पूर्ण.”

“चावतं वगैरे?”

“अद्याप तसा अनुभव नाही.”

“आणि एवढा वेळ पिंजऱ्यात म्हणजे,” दुसरे सदस्य कळवळून म्हणाले, “खायचे-प्यायचे हाल होत असतील बिचाऱ्याचे.”

ही एक काळजी मात्र निरीक्षकाला नव्हती. आई घरी होती.

चौघे अंगणात शिरले, तेव्हा काटेकाका स्टुलावर ताठ बसलेले होते. उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात होता. डावा हात मोकळा होता, परंतु त्यात त्यांनी वजनकाटा धरून ठेवला होता आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत उपकरण खाली ठेवायचे नाही, ही त्यांच्या खात्याची शिस्त होती. त्यामुळे त्यांना लोणी लावलेला ब्रेड आई भरवत होती.

“अजून एक घ्या,” ती सांगत होती. “लाजू नका.”

“पुरे आता,” काका म्हणत होते आणि तोंड उघडत होते.

मॅडम थबकल्या. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, मग निरीक्षकाकडे. निरीक्षकाला कळून चुकले, की आता सहा वर्षे संपली. निदान ती सरळपणे संपावीत, असे त्याला वाटले.

“मॅडम, मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “माझ्या घरातून—”

“आधी माझा जबाब,” काटेकाकांनी त्याला तोडले. “मी तक्रारदार आहे. क्रम पाळा.”

मॅडमनी हात वर करून निरीक्षकाला थांबवले. “बोला. हात आत कशाला घातलात?”

“आमिषाचं वजन करायला. तीस ग्रॅमपेक्षा जास्त असल्याचा मला संशय होता.”

“मग? किती भरलं?”

“वजन होण्यापूर्वीच दार पडलं. आता केळी माझ्या मुठीत चेंगरली आहेत, त्यांचं वजन ग्राह्य धरता येणार नाही. आणि न तोललेल्या वस्तूबद्दल मी तेहतीस वर्षांत कधी विधान केलेलं नाही.”

“दोन तास असेच बसलाहात? कुणी सोडवलं नाही?”

“सोडवत होत्या या. मीच मना केलं. पाटीवर स्पष्ट लिहिलंय.”

मॅडम पाटीपाशी गेल्या आणि त्यांनी ती शांतपणे पुन्हा एकदा वाचली. शहरभर त्यांनी हजारो पाट्या लावल्या होत्या. थुंकू नये, गाडी उभी करू नये, फुले तोडू नयेत. त्या पाट्यांखाली काय काय चालते, हे त्यांनी सेवेची वीस वर्षे गाडीच्या काचेतून पाहिले होते. पाटी वाचून दोन तास हात अडकवून बसलेला नागरिक त्या प्रथमच पाहत होत्या.

“तुमच्या तक्रारीत,” त्या फाईल उघडून म्हणाल्या, “तळमजल्यावर खायला घालतात असं आहे. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?”

आईचा हात ब्रेडसकट हवेतच राहिला. निरीक्षक जमिनीकडे पाहू लागला. काटेकाका विचार करू लागले. ते खोटे बोलणार नव्हते, हे अंगणातल्या प्रत्येकाला त्यांच्या पाठीच्या कण्यावरूनच दिसत होते.

“पाहिलं,” ते म्हणाले. “आज सकाळी दहापासून पाहतोय. दोनदा चहा, एक उकडलेलं अंडं आणि हा ब्रेड. सगळं मला घातलं.”

“आणि त्या प्राण्याला?”

“त्याला घालताना कुणाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. आग्रह ऐकला होता, पण आग्रह कोणाला चाललाय ते वरून कळत नाही. संशय होता.” त्यांनी वजनकाटा सावरला. “आता तो मी मागे घेतो. लिहून घ्या. सही मात्र हात सुटल्यावर.”

निरीक्षकाने खिटी ओढली. दार उचलले गेले आणि तेहतीस वर्षांच्या सेवेत एकदाही न थरथरलेला हात केळ्याने माखून बाहेर आला. रबराच्या पट्टीचा एक फिकट वळ सोडला, तर इजा काही नव्हती. आईने पदराने हात पुसायला घेतला, तेव्हा काकांनी वजनकाटा प्रथमच खाली ठेवला.

मॅडमनी उभ्या उभ्याच फाईलवर शेरा लिहिला : ‘तक्रार तक्रारदाराकडून मागे, सबब निकाली. पिंजऱ्याची रचना निर्धोक. सूचना नागरिकांस समजते व पाळली जाते. निरीक्षकास कायम करण्यास हरकत नाही.’ दोन्ही सदस्यांनी सह्या केल्या.

“तुम्हाला काही सांगायचं होतं ना?” निघताना मॅडमनी निरीक्षकाला विचारले. त्यांनी एकवार भिंतीवरच्या लाकडी चमच्याकडे आणि एकवार आईकडे पाहिले. “तातडीचं नसलं तर राहू द्या. तेवढं चौदावं कलम पुन्हा एकदा वाचा. आपल्याच घरचं माणूस तोलायला बसू नये कुणी.”

गाडी गेली. निरीक्षक पायरीवर बसला. काटेकाका जिन्याकडे वळले, तेवढ्यात आईने त्यांना थांबवले आणि दोघांत काही बोलणे झाले. ते त्याला ऐकू आले नाही, आणि त्या क्षणी त्याला जगातले काहीही ऐकायचे नव्हते.

नेमणुकीचा आदेश शनिवारी मिळाला. आईने तो दोनदा वाचून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः हातात धरून पाहिला. पिंजरा भांडारात परत गेला होता. उदमांजराला आता काही मिळत नव्हते. दोन संध्याकाळी वाट पाहून ते कुंपणावरून टेकडीच्या दिशेने निघून गेले होते. आईने ते जाताना पाहिले, पण ती फारसे हळहळली नाही.

“एक कागद लिहून दे,” ती म्हणाली. “वरच्या भावजींना रोज चारला चहाला या म्हटलं, तर म्हणाले, हरकत नाही, पण लेखी कळवा.”

निरीक्षकाने कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि ‘विषय : सायंकाळच्या चहाबाबत’ अशी ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली. हंगामी असताना त्याच्या प्रत्येक पत्राखाली वरिष्ठांची सही घ्यावी लागे. तो सवयीने खाली जागा सोडायला गेला, थांबला, आणि मग त्याच जागेवर सावकाश, पूर्ण नाव लिहून, एकट्याने सही केली.